चार थेंब, अर्धा परार्ध

सात आठवड्यांचा उंदीर. पाठीवरचे केस यंत्राने भादरलेले. उघड्या कातडीवर ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं एक रसायन सोडायचं: ०.२ मिलिलिटर, म्हणजे साधारण चार थेंब. रसायनाचं नाव डीएमबीए. चार थेंबांत त्याचं वजन २५ मायक्रोग्रॅम, साखरेच्या दाण्याच्या विसाव्या भागाइतकंही नाही. रेणू मोजायला घेतले की मात्र आकडा ६ वर १६ शून्यांपर्यंत जातो. ६०,००० लाख कोटी. ‘लीलावती’तली एकं-दहं-शतंची माळ १७ शून्यांच्या परार्धापाशी संपते, या चार थेंबांत अर्ध्या परार्धाहून जास्त रेणू आहेत.

आता ते ज्याच्यावर पडले ती कातडी पाहू. उंदराच्या पाठीवरच्या बाह्यत्वचेत जिवंत पेशींचे दोन-तीनच थर असतात आणि नव्या पेशी घडवायचं काम सर्वांत खालचा थर करतो. या तळथरातली एक पेशी सुमारे १० मायक्रॉन रुंद. म्हणजे एका चौरस मिलिमीटरमध्ये १० हजार, एका चौरस सेंटिमीटरमध्ये १० लाख, आणि भादरलेला भाग १० चौरस सेंटिमीटर धरला तर १ कोटी पेशी. आता भागाकार करा. प्रत्येक पेशीच्या वाट्याला ६०० कोटी रेणू येतात. उंदराच्या एका पेशीतल्या डीएनएची अक्षरं, आईकडची आणि बापाकडची मिळून, सुमारे ५४० कोटी. अक्षरागणिक एक मारेकरी, वर काही कोटी राखीव.

हल्ला एवढा मोठा, आणि नंतर काय होतं? काहीही होत नाही. बहुतेक रेणू केंद्रकापर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतात तेही आपण होऊन काही करत नाहीत. गंमत म्हणजे त्यांना धार लावते ती पेशीच. हा तेलकट परका पदार्थ पाण्यात विरघळवून बाहेर टाकावा म्हणून पेशीतली विकरं त्याच्यावर ऑक्सिजन चढवतात, आणि त्या खटाटोपातच तो डीएनएला चिकटणारा होतो. चिकटल्यामुळे झालेली बहुतेक मोडतोड दुरुस्त होते, फार बिघडलेल्या पेशी मरतात किंवा वर ढकलल्या जाऊन गळून पडतात. पुढे दुसरं काही केलं नाही तर उंदीर आपलं दोन-अडीच वर्षांचं आयुष्य जगतो आणि पाठीवर सहसा एकही गाठ येत नाही.

पण सगळंच पुसलं गेलेलं नसतं. हे उघड करण्यासाठी दुसरा पदार्थ लागतो, आणि तो आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. जमालगोटा. ज्याच्या बियांचं तेल पोटात गेलं तर माणूस दिवसभर परसाकडे धावत राहतो, तोच. ऑक्सफर्डमध्ये आयझॅक बेरेनब्लम आणि फिलिप शुबिक यांनी १९४७ साली हे तेल उंदरांच्या पाठीवर लावून जे दाखवलं ते आजही पाठ्यपुस्तकांत आहे. आधी कर्करोगकारक रसायन एकदाच, अगदी कमी मात्रेत. मग जमालगोट्याचं तेल पुन्हा पुन्हा. काही आठवड्यांत चामखिळीसारख्या गाठी उगवू लागतात. क्रम उलटा केला, आधी तेल आणि मग रसायन, तर काही नाही. नुसतं तेल लावलं तरी जवळजवळ काही नाही. आणि रसायन लावून तब्बल वर्षभर थांबलं, उंदराच्या हिशेबाने अर्धं आयुष्य गेलं, आणि मग तेल सुरू केलं, तरी गाठी येतात. बिघडलेली पेशी वर्षभर तळथरात बसून होती. तिच्या वंशाच्या कित्येक पिढ्या झाल्या, बिघाड तसाच पुढे गेला, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती कातडी निरोगीच दिसत होती.

तेलातला नेमका कर्ता पदार्थ १९६०च्या दशकात वेगळा काढला गेला. त्याचं लांबलचक नाव सोडून देऊ. प्रयोगशाळेत सगळे टीपीए म्हणतात. आठवड्यातून दोनदा, २० आठवडे, म्हणजे ४० वेळा तो लावतात. एका वेळची मात्रा ६ मायक्रोग्रॅमच्या आसपास. वीस आठवड्यांची बेरीज पाव मिलिग्रॅम. डीएनएला तो हात लावत नाही. तो पेशींना फक्त वाढायला सांगतो, वारंवार सांगतो, आणि कातडीत दाह पेटता ठेवतो.

सात आठवड्यांचाच उंदीर का, यालाही कारण आहे. उंदराच्या पाठीवरचे केस पहिले दोन-तीन महिने एकाच तालावर वाढतात आणि थांबतात. सातव्या आठवड्याच्या सुमाराला सगळी रोमकूपं एकदम विश्रांतीत असतात, त्यामुळे शंभर उंदीर घेतले तरी सगळ्यांची सुरुवातीची परिस्थिती सारखी राहते. या एका सोयीखातर उंदीर किती प्रयोगांत आला असेल!

मुळात हा खेळ कोळशाच्या डांबरापासून सुरू झाला. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो हे नोंदवलं. ते प्रयोगाने सिद्ध व्हायला १४० वर्षं लागली. टोकियोत कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा हे दोघे सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळत राहिले आणि १९१५ मध्ये त्यांनी कर्करोग उभा करून दाखवला. १९१८ मध्ये हीच गोष्ट उंदराच्या कातडीवर जमली, आणि ससा बाजूला पडला. मग प्रश्न आला, डांबरातलं नेमकं काय? लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या गटाने त्यासाठी दोन टन डांबर गाळायला घेतलं. टप्प्याटप्प्याने वेगळं करायचं, प्रत्येक टप्प्यावरचा अंश उंदरांच्या पाठीवर लावून बघायचा, ज्याने गाठी येतील तो पुढे न्यायचा. १९३३ मध्ये हाती आले काही ग्रॅम पिवळसर स्फटिक: बेंझोपायरीन. तंबाखूच्या धुरातही हे असतं. दोन टनांतून काही ग्रॅम शोधणारं यंत्र त्या काळी एकच होतं, उंदराची पाठ.

आता पुन्हा त्या १ कोटी पेशींकडे. डीएमबीए आणि टीपीएचा प्रयोग नीट पार पडला की एका उंदराच्या पाठीवर ८ ते १२ आठवड्यांत गाठी दिसू लागतात आणि प्रवण वाणाच्या उंदरावर त्या दहा-वीसपर्यंत जातात. १ कोटी पेशींत दहा गाठी: दहा लाखांत एक. आणि या गाठी सौम्य असतात. पसरत नाहीत, खोल जात नाहीत. त्यातल्या थोड्याच पुढच्या काही महिन्यांत खऱ्या कर्करोगात बदलतात. म्हणजे अर्ध्या परार्धाहून जास्त रेणूंपासून निघून आपण उंदरामागे एखाद्या कर्करोगापाशी आलो, तेही ४० वेळा चिथावणी देऊन.

गाठींच्या आत काय बिघडलं होतं? ग्लासगोत ॲलन बालमेन यांच्या गटाने १९८६ मध्ये ते उघड केलं. एचरास नावाच्या जनुकात ६१व्या जागी सीएए अशी तीन अक्षरं असतात. मधल्या एच्या जागी टी आला होता. डीएमबीएने सुरू झालेल्या गाठींपैकी ९० टक्क्यांहून अधिक गाठींत हाच बदल, याच अक्षरात. पावणेतीन अब्ज अक्षरांच्या संहितेत हजारो ठिकाणी चुका झाल्या असतील, पण ज्या पेशीत हे एक अक्षर फिरलं तीच टीपीएची हाक ऐकून उठली. बाकीच्या चुका तशाच गेल्या. कोणी म्हणेल की नशिबाचा खेळ. मला तो निवडीचा खेळ वाटतो: रसायनाने अंदाधुंद मारा केला, आणि जमालगोट्याने त्यातला एक नेमका वेचून काढला.

वाणाचा फरक सांगायला हवा, कारण त्याशिवाय या विषयातले आकडे फसवतात. एकाच मात्रेने एफव्हीबी वाणाच्या उंदराची पाठ गाठींनी भरते आणि सी५७ब्लॅक६ वाणाच्या उंदरावर जेमतेम काही येतं. हा दुसरा वाण १९२१ पासून भावाबहिणींचे संकर करत जपला गेला आहे. सलग २० पिढ्या असं केलं की वाण ‘शुद्ध’ मानतात. तोवर ९८ टक्क्यांहून जास्त जनुकस्थानं एकसारखी झालेली असतात. त्यातला कोणताही उंदीर दुसऱ्याचा जणू जुळा भाऊ. माणसांत अशी सोय नाही, आणि म्हणूनच माणसांच्या बाबतीत ‘त्याने आयुष्यभर विड्या ओढल्या, त्याला काही झालं नाही’ या वाक्याला उत्तर देणं अवघड जातं.

एक अक्षर फिरलेली पेशी वर्षभर नुसती बसते कशी, हे कळायला निरोगी कातडी रोजचा कारभार कसा करते ते पाहावं लागतं. इथे केंब्रिजच्या फिलिप जोन्स आणि बेन सायमन्स यांनी २००७ मध्ये मांडलेला हिशेब मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. जोन्स जीवशास्त्रातले, सायमन्स भौतिकशास्त्रातले. त्यांनी उंदराच्या शेपटीच्या कातडीतल्या मोजक्या तळपेशींवर चमकणारी जनुकीय खूण केली आणि वर्षभर त्या पेशींचे वंश मोजले. पेशी साधारण आठवड्यातून एकदा दुभंगते. अशी १०० विभाजनं घेतली तर ८४ वेळा दोन लेकींपैकी एक तळाशी राहते आणि एक वर जायला निघते. ८ वेळा दोघी तळाशी राहतात. ८ वेळा दोघी वर जातात आणि तो वंश आखडतो, एकच पेशी असेल तर संपतो. ८४, ८, ८. कोणती पेशी काय करणार हे आधी सांगता येत नाही, पण दोन्ही आठ बरोबर सारखे.

या तीन आकड्यांवरून पुढचं गणित घरबसल्या होतं. आज खूण केलेले १०० वंश घ्या. वर्षभराने त्यातले ८० हून जास्त नामशेष झालेले असतील. उरलेले अठराएक सरासरी पाच-सहा पटींनी वाढलेले असतील. बेरीज पुन्हा १०० च्या आसपास. दोन वर्षांनी दहाएक वंश, सरासरी दसपट. कोणाचीही गुणवत्ता जास्त नाही, कोणी लबाडी करत नाही, तरीही हळूहळू थोड्या वंशांकडे सगळी कातडी जाते. आणि बिघडलेल्या पेशीलाही हाच नियम लागू. तिने कोणतीही चलाखी केली नाही तर वर्षभरात ती कातडीवरून गळून पडण्याची शक्यता शेकडा ८० हून जास्त. कातडीला तिला ओळखून मारावंही लागत नाही. रोजची झडतीच तिला घेऊन जाते. वीस टक्क्यांहून कमी वंश उरतात, आणि टीपीएची वाट पाहत वर्षभर बसले होते ते यांतले.

८ विरुद्ध ८ हा तोल थोडा जरी ढळला, समजा ९ विरुद्ध ७ झाला, तर वंशाची वाढ चक्रवाढीने होते. एचराससारखे बदल नेमकं हेच करतात.

आता उंदराशेजारी माणूस उभा करू. उंदीर २५ ग्रॅम, माणूस ७० किलो: २,८०० पट. उंदराची कातडी ७० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, माणसाची १८,००० च्या आसपास. १० मायक्रॉनचाच हिशेब लावला तर उंदराच्या बाह्यत्वचेत ७ कोटी तळपेशी, माणसाच्या बाह्यत्वचेत १,८०० कोटी. उंदराची बाह्यत्वचा आठ-दहा दिवसांत नवी होते, आपली दीड-दोन महिन्यांत. आपण रोज सुमारे ५० कोटी मृत पेशी झटकतो. घरातल्या धुळीत त्या असतातच. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, माणूस सत्तर-ऐंशी.

इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पेटो यांना हे आकडे शेजारीशेजारी ठेवल्यावर झोप लागली नसावी. त्यांच्या गटाने १९७५ मध्ये उंदरांच्या कातडीवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उंदरांचे चार गट केले. एकाला १०व्या आठवड्यापासून, दुसऱ्याला २५व्या, तिसऱ्याला ४०व्या, चौथ्याला ५५व्या आठवड्यापासून बेंझोपायरीन लावायला सुरुवात केली. म्हाताऱ्या उंदराला लवकर कर्करोग व्हायला हवा, नाही का? झाला नाही. रसायन किती काळ लागलं एवढ्यावरच प्रमाण ठरलं; सुरुवातीचं वय कितीही असो. वय वाढलं की कर्करोग वाढतो यात म्हातारपणाचा दोष कमी आणि साठत गेलेल्या काळाचा जास्त, हे इतकं स्वच्छ क्वचितच कोणी दाखवलं असेल.

दोन वर्षांनी पेटो यांनी जो गुणाकार मांडला तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माणसांत नेहमीचे कर्करोग वयाच्या चौथ्या-पाचव्या-सहाव्या घाताने वाढतात, कारण पेशीत एकामागून एक अनेक बिघाड जुळून यावे लागतात. ही मांडणी १९५४ पासूनची, आर्मिटेज आणि डॉल यांची. माणूस उंदराच्या ३० पट जगतो. ३० चा चौथा घात ८ लाख १० हजार. सहावा घात जवळपास ७३ कोटी. म्हणजे नुसत्या दीर्घायुष्यामुळे माणसाच्या एका पेशीचा धोका उंदराच्या पेशीपेक्षा ८ लाख ते ७३ कोटी पटींनी जास्त असायला हवा. वर पेशी ढोबळमानाने हजार पट जास्त. एकूण ८१ कोटी ते ७३ हजार कोटी पट. या हिशेबाने माणूस पाळण्यातच कर्करोगाने मरायला हवा. प्रत्यक्षात उंदीर आणि माणूस यांच्यात आयुष्यभराचा कर्करोगाचा धोका फारसा वेगळा नाही. तेव्हा माणसाची पेशी उंदराच्या पेशीपेक्षा अब्जपट, कदाचित लाख कोटीपट, कर्करोगाला दाद न देणारी असली पाहिजे.

हा आकडा वाचून मी थांबलो होतो, आणि अजूनही त्याच्यापुढे फार लांब गेलो नाही. कर्करोग का होतो यावर ग्रंथालयं भरली आहेत. तो इतका कमी का होतो, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो, आणि त्याची उत्तरं मिळतात तीही बहुतेक याच कातडीत आणि तिच्या भावकीतल्या अस्तरांत.

एक उत्तर २०२२ मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमधून आलं. तिथल्या गटाने उंदीर, माणूस, जिराफ वगैरे १६ सस्तन प्राण्यांच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात वर्षाला किती अक्षरं बदलतात ते मोजलं. उंदराच्या पेशीत ७९६. माणसाच्या पेशीत ४७. दीर्घायुषी, तीन-चार वर्षं जगलेल्या उंदराची बेरीज २,४०० ते ३,२०० होते. ८० वर्षांच्या माणसाची ३,७६०. जवळपास तेवढीच! आयुष्य कितीही लांब असो, चुकांचा एकूण साठा साधारण सारखाच राहतो. जास्त जगणारा प्राणी चुका सावकाश करतो.

मग पेटोंचा आकडा किती उरला? माझा कच्चा हिशेब असा: माणूस १७ पट सावकाश चुकतो. कर्करोगाला सहा बिघाड लागत असतील आणि सगळे याच जातीचे असतील, तर १७ चा सहावा घात सुमारे २ कोटी ४० लाख. ७३ हजार कोटींना त्याने भागलं की ३० हजार उरतात. चार बिघाडांचं गणित केलं तरी दहा हजारांच्या आसपास येतं. लाख कोटींवरून तीस हजारांवर येणं ही मोठी उतरंड खरी, पण तीस हजारपट सुरक्षितता अजूनही कुठून तरी यायला हवी. थोडी पेशीतल्या जादा कुलपांतून येते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की उंदराच्या संयोजी ऊतीतली पेशी बहकवायला दोन यंत्रणा मोडल्या तरी पुरतात, माणसाच्या तसल्याच पेशीला सहा मोडाव्या लागतात.

उरलेली सुरक्षितता बहुधा शेजारच्या पेशींकडून येते. याचा पुरावा सापडला तो माणसाच्या पापण्यांत. उतारवयात लोंबणाऱ्या पापण्यांची जादा कातडी शस्त्रक्रियेने काढतात. अशा चार जणांच्या कातडीचे २३४ बारीक तुकडे सँगरच्या गटाने घेतले, त्यात ७४ जनुकं वाचली, आणि २०१५ मध्ये जे छापलं ते वाचून कातडीचे डॉक्टरही चपापले. डोळ्यांना पूर्ण निरोगी दिसणाऱ्या या कातडीत दर दहा लाख अक्षरांमागे दोन ते सहा बदल होते. चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १४० वंश असे, की ज्यांच्यात पेशीला पुढे ढकलणारा, कर्करोगात सापडणारा बदल आहे. एकूण पेशींपैकी १८ ते ३२ टक्के अशा बदलांच्या मालक. तेवढ्याच उन्हात तापलेली शंभर चौरस सेंटिमीटर कातडी घेतली तर १४ हजार वंश. कर्करोगाची पहिली पायरी चढलेल्या पेशी आपल्या चेहऱ्यावर अशा हजारोंनी वावरत असतात आणि आपण आरशात भांग पाडतो.

त्या पुढे का जात नाहीत, हे माणसावर तपासता येत नाही. म्हणून पुन्हा उंदीर. जोन्स यांच्याच गटाने उंदराच्या बाह्यत्वचेतल्या थोड्या पेशींत पी५३ हे जनुक मुद्दाम बिघडवलं. बिघडलेल्या पेशी सुरुवातीला शेजाऱ्यांना हटवत पसरल्या. काही महिन्यांनी त्या निवळून इतरांसारख्याच ८-८ च्या तोलावर आल्या. अतिनील किरण दिल्यावर पसरण्याचा वेग वाढला, पण किरण लांबवत नेले तसं त्यांचं प्रमाण पुन्हा घटलं, कारण बहुधा त्याच किरणांनी घडवलेल्या आणखी चपळ बिघडलेल्या पेशींनी त्यांना हुसकावलं. चोरावर मोर. याच गटाने २०२१ मध्ये उंदराच्या अन्ननलिकेत तर उघडच पाहिलं की सूक्ष्म गाठी तयार होतात आणि शेजारच्या बिघडलेल्या, पण गाठ न बनलेल्या वंशांकडून त्या खणून काढल्या जातात. येल विद्यापीठात व्हॅलेंटिना ग्रेको यांनी जिवंत उंदराच्या कातडीत सूक्ष्मदर्शक रोखून दिवसेंदिवस तीच जागा पाहिली. वेडीवाकडी वाढ उगवली, निरोगी पेशी भोवती जमल्या, आणि वाढ हटली.

म्हणजे अक्षरं फिरणं ही कातडीत रोजची, स्वस्त घटना आहे. दुर्मीळ आहे ती शेजाऱ्यांची संमती. टीपीए ४० वेळा लावून आपण ती संमती जबरदस्तीने मिळवतो.

उंदराचं सगळंच आपल्याला लागू होतं असं मात्र नाही. त्याची पाठ केसांनी भरलेली, घामाच्या ग्रंथी फक्त पंजांत. कातडीखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो, त्यामुळे जखम झाली की ती बरीचशी आकसून मिटते. आपली जखम नवी कातडी धरून भरते. तरी कधीकधी उंदीर माणसाच्या आधी उत्तर देतो. एलेन फुक्स यांनी केराटिन १४ हे तळपेशींचं प्रथिन बिघडवून उंदीर तयार केले; त्यांना जरा घासलं की फोड येत. नुसत्या स्पर्शाने फोड येणाऱ्या एका आनुवंशिक आजारात माणसांतही केराटिनच बिघडलेलं असतं हे त्याच वर्षी, १९९१ मध्ये, दिसलं. उंदराकडे पाहून माणसाच्या आजाराचं कारण कळलं, असा उलटा क्रम वैद्यकात फार वेळा घडत नाही. केराटिन १४च्या जनुकाचं सुरुवातीचं नियंत्रक टोक आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. जे जनुक उंदराच्या तळपेशीत चालवायचं असेल ते त्याला जोडायचं.

आकड्यांच्या या गर्दीत उंदराचा हिशेब राहूनच जातो. गाठ ठरावीक आकारापुढे गेली की उंदराला वेदनेविना मारायचं हा नियम असतो, आणि आपल्याकडे असा कोणताही प्रयोग केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेखालच्या समितीच्या परवानगीशिवाय करता येत नाही. ठीकच आहे. पण शंभर उंदरांच्या जागी साठांत उत्तर मिळेल असा प्रयोग आखणारा संख्याशास्त्रज्ञ मला कोणत्याही नियमापेक्षा जास्त दयाळू वाटतो.

हे सगळं गोऱ्या कातडीचं, उन्हाचं, परदेशाचं प्रकरण वाटेल. अमेरिकेत वर्षाला तीस लाखांहून अधिक लोकांवर त्वचेच्या कर्करोगाचे उपचार होतात. आपल्याकडे तो कमी आहे. पण तोंडाच्या आतलं अस्तर कातडीच्याच घराण्यातलं: तळाशी विभागणारा थर, वर चढत जाणाऱ्या आणि झडणाऱ्या पेशी. आणि ओठ-तोंडाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ४० हजार झाले असा जागतिक अंदाज आहे.

मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटकडे स्विस उंदरांचा स्वतःचा एक बिनकेसाळ वाण होता, पाठ भादरायलाच नको. त्या उंदरांवर तिथल्या गटाने पानमसाल्याचा अर्क तपासला आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. नुसता अर्क लावला तर कातडीवर गाठी आल्या नाहीत. आधी एकदा डीएमबीए आणि मग अर्क, असं केल्यावर ३० ते ४० आठवड्यांच्या दरम्यान गाठी वाढल्या, आणि सौम्य गाठींचं कर्करोगात रूपांतर होण्याचं प्रमाणही वाढलं. म्हणजे पानमसाला जमालगोट्याच्या जागेवर काम करत होता. डीएमबीएची जागा घ्यायला माणसाच्या तोंडात तंबाखू, विडी असं बरंच काही हजर असतं.

टीपीएच्या नेहमीच्या प्रयोगात उंदराला २० आठवड्यांत ४० मात्रा मिळतात. दिवसाला दहा पुड्या खाणारा माणूस ४० चा आकडा चार दिवसांत गाठतो. पुडी आणि टीपीए यांचा जोर एकसारखा नाही, त्यामुळे ही तुलना फक्त वारंवारितेची. मात्र एक निरीक्षण दोन्हीकडे कामाचं आहे. टीपीए मध्येच बंद केलं तर तोवर उगवलेल्या सुरुवातीच्या गाठींपैकी बऱ्याच विरून जातात. एचरासचं ते फिरलेलं अक्षर परत फिरत नाही. पण चिथावणी थांबली की गाठीतल्या पेशींवर पुन्हा रोजची झडती सुरू होते. किती गाठी जातील आणि किती राहतील हे वाणावर अवलंबून, आणि त्याहून जास्त टीपीए कितव्या आठवड्यात थांबवलं यावर.